सच्छिद्र दगड ते तारापूरची काच

हिंगोली जिल्ह्यातलं साखरा गाव ज्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशात वसलं आहे, तो दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकले आणि त्या पोकळ्यांत पुढे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट अशी झिओलाइट खनिजं तयार झाली. पुणे, नाशिक, जळगावच्या खाणींतले त्यांचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत पोचले. या कुळानं अणुकचऱ्याच्या इतिहासातही मोठं काम केलं आहे.

झिओलाइटच्या सांगाड्यात रेणूंच्या मापाची छिद्रं असतात. काही ठिकाणी सिलिकॉनऐवजी ॲल्युमिनियम असल्यानं सांगाड्यावर ऋणभार येतो. तो सांभाळायला सोडियमचे आयन छिद्रांत सैल बसलेले असतात. पाण्यातलं किरणोत्सारी सीझियम आत शिरलं, की सोडियम जागा सोडतं.

१९७९च्या थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्रातल्या अपघातानंतर अमेरिकेत याच गुणावर भिस्त ठेवली गेली. १९८१पासून तिथलं दूषित पाणी झिओलाइट भरलेल्या पात्रांतून गाळलं गेलं. २०११मध्ये जपानच्या फुकुशिमातल्या अणुअपघातानंतरही झिओलाइट कामाला आलं.

महाराष्ट्रात गरज वेगळी होती. १९५६मध्ये ट्रॉम्बेला अप्सरा अणुभट्टी सुरू झाली, १९६४मध्ये तिथेच वापरलेल्या इंधनाची पुनर्प्रक्रिया सुरू झाली आणि १९६९मध्ये तारापूरच्या अणुवीजकेंद्राची वीज आली. पुनर्प्रक्रियेतून उरणाऱ्या मध्यम पातळीच्या किरणोत्सारी, अल्कधर्मी द्रावात सोडियम भरमसाट आणि सीझियम अगदी थोडं. तिथे साधं झिओलाइट सोडियमच्या गर्दीत अडखळतं. भाभा अणुसंशोधन केंद्रानं त्यासाठी रिसॉर्सिनॉल-फॉर्मल्डिहाइडचं रेझिन विकसित केलं. ते सीझियम नेमकं वेचतं. मग नायट्रिक आम्लानं सीझियम सोडवून घेतलं, की रेझिन पुन्हा वापरता येतं. सुटलेलं सीझियम काचेत कोंडता येतं. ही साखळी तारापूरला वापरात आली. सीझियमच्या काचेच्या कांड्या रक्तावर किरणांचा मारा करण्याच्या यंत्रांतही वापरात आल्या. घातक म्हणून दूर ठेवलेली वस्तू रुग्णाच्या उपयोगी पडली, याचं मोल मला फार वाटतं.

तरी या साऱ्या वाटचालीतून एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. छिद्रं किरणोत्सारी अणू पकडतात, त्यांचा किरणोत्सार संपवत नाहीत. सीझियम-१३७चं अर्धायुष्य सुमारे ३० वर्षांचं. ते हजाराव्या हिश्शावर यायला ३०० वर्षं जातात. फुकुशिमाच्या तळघरांत ठेवलेल्या झिओलाइटच्या पिशव्यांनी सीझियम शोषलं खरं, पण त्या स्वतःच तीव्र किरणोत्साराचा स्रोत झाल्या आणि त्या उचलणं हेच मोठं आव्हान ठरलं. म्हणून पदार्थ किती शोषतो, एवढ्यावर त्याची पारख करू नये. भरल्यावर तो कुठे जाणार, कोण सांभाळणार, याचं उत्तर पहिल्याच आराखड्यात असलं पाहिजे. तारापूरची रेझिन ते काच ही साखळी मला मोलाची वाटते, ती तिच्यात हे उत्तर आहे म्हणून.