देश गातो म्हणजे कोण गातो?

आपल्या बुलढाणा-मेहकरकडील भजनस्पर्धेत एखाद्या मंडळाने परगावचा गवई उभा केला, की कुरकुर होते. युरोपातील ‘युरोव्हिजन’ गीतस्पर्धेत मात्र त्यास आडकाठी नाही. १९५६ साली लुगानो येथे सात देशांनिशी ती सुरू झाली, आणि जिंकली यजमान स्वित्झर्लंडच्याच लिस आसिया यांनी. १९८८ साली स्वित्झर्लंड पुन्हा जिंकले, अवघ्या एका गुणाने. पण गाणाऱ्या सेलीन डिऑन कॅनडाच्या! मग त्यात स्वित्झर्लंडचे काय? वस्तुतः तेथे देशाच्या नावाने उतरते ती त्याची नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्था. गळा कोठला, हे नियम विचारीत नाही. परीक्षकांची गोष्ट निराळी, आणि आम्हांस तीच महत्त्वाची वाटते: पहिल्या वर्षी त्यांना स्वतःच्या देशास मत देता येई, १९५७ पासून ते बंद झाले.