आंधळं पिल्लू घरी आणताना

पावसाळा सरता सरता भटक्या कुत्र्या माजावर येतात आणि ऐन थंडीत अमरावती-अकोल्याच्या गल्लोगल्ली पिल्लं दिसू लागतात. कुणी बंद दुकानाच्या ओट्याखाली, कुणी बांधकामाच्या रेतीवर. त्यातली फार थोडी मोठी होतात. कोलकात्याच्या ‘आयसर’ या विज्ञान संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमध्ये ३६४ पिल्लांचा माग ठेवला होता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वयात येईपर्यंत जेमतेम १९ टक्के पिल्लं जगली, आणि ६३ टक्के मृत्यूंमागे माणसाचा हात होता. डोळस पिल्लांची ही गत, तर ज्याला समोरून येणारा ऑटो दिसतच नाही त्याला रस्त्यावर ठेवून कसं चालेल? त्याला घरच हवं.

पण घरी आणण्याआधी ते खरंच आंधळं आहे का, आणि आंधळेपण कशाने आलं, हे पाहायला हवं. पिल्लाचे डोळे जन्मानंतर दहा ते चौदा दिवसांनी उघडतात. त्याआधीच मिटल्या पापण्यांआड संसर्ग झाला, तर आत पू साठतो आणि पापणी फुगते. लगेच पशुवैद्याकडे नेलं तर पापणी मोकळी करून, औषध घालून डोळा पुष्कळदा वाचतो. चार दिवस वाट पाहिली तर बुबुळ कायमचं खराब होऊ शकतं. डिस्टेंपरनेही नजर जाते, आणि तो आजार नुसत्या डोळ्यांवर थांबत नाही. काहींना जन्मतःच मोतीबिंदू असतो.

लोक डोळ्यांपुढे हात हलवून बघतात. ही परीक्षा कच्ची. हाताने वारा हलतो, तो मिशांना कळतो आणि आंधळं पिल्लूही दचकतं. उलट दोन-अडीच महिन्यांच्या आतलं धडधाकट पिल्लूसुद्धा हात पाहून डोळे मिटेलच असं नाही, कारण ती सवय मेंदूत उशिरा बसते. त्यापेक्षा कापसाचा बोळा त्याच्या नाकासमोरून, थोड्या अंतरावर, अलगद खाली सोडा. कापूस पडताना आवाज होत नाही. दिसत असेल तर मान बोळ्याच्या मागे जाते. मग पक्कं निदान पशुवैद्याकडून करून घ्या. अकोल्यात नागपूरच्या ‘माफसू’ या पशुविज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, हा या भागाचा मोठा आधार. डोळा कायमचा निकामी होऊन दुखत असेल, तर तो काढून पापण्या शिवून टाकाव्या लागतात. ऐकायला क्रूर वाटतं, पण ठणका थांबला की तेच पिल्लू खेळायला लागतं.

आता घर. कुत्र्याचा वास घेण्याचा पसारा आपल्यापेक्षा कितीतरी मोठा, आणि कान आपल्याला न ऐकू येणारे बारीक आवाजही टिपतात. त्यामुळे आंधळं पिल्लू काही दिवसांत घराचा नकाशा पाठ करतं. आपण तो नकाशा मोडू नये, एवढीच त्याची अपेक्षा. पाण्याचं भांडं रोज त्याच जागी. दिवाण, खुर्च्या हलवायच्या नाहीत. पायरीच्या आधी गोणपाटाचा तुकडा अंथरा, म्हणजे पंजाला आगाऊ कळतं. अंगणातला हौद आणि शेतातली विना कठड्याची विहीर मात्र सवयीच्या भरवशावर सोडू नका, तिथे जाळी किंवा कुंपणच हवं.

आपल्याकडची खरी अडचण उन्हाळ्यात येते. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की घरोघरी कूलर लागतो. त्याची घरघर सुरू झाली की आपली पावलं, भांड्यांचा आवाज, दाराची कडी, ज्यांवर पिल्लू दिशा ठरवतं ते सगळं बुडून जातं. खसच्या ताट्यांचा वास वेगळाच. कालपर्यंत बिनधास्त फिरणारं पिल्लू भिंतीला धडकायला लागतं आणि घरचे म्हणतात, ‘काहून असं करते हे?’ म्हणून कूलर पहिल्यांदा थोडा थोडा वेळ चालवा, आणि त्या दिवसांत पिल्लाशी जास्त बोला.

बोलणं हाच त्याचा दोर आहे. ‘पायरी’, ‘थांब’, ‘हळू’ एवढे शब्द पुरतात, पण घरात सगळ्यांनी तेच वापरायचे. आईने ‘थांब’ आणि लेकराने ‘स्टॉप’ म्हटलं की त्याचा गोंधळ. हात लावण्याआधी नाव घ्या. झोपेत अचानक स्पर्श झाला तर ते घाबरून चावू शकतं, आणि दोष त्याच्या माथी येतो. मला सर्वांत जास्त राग येतो तो उचलून घेऊन फिरणाऱ्या दयेचा. तीन ते बारा आठवड्यांच्या काळात पिल्लू जग शिकतं. तेव्हा त्याला चालू द्या, अडखळू द्या, नवी माणसं हुंगू द्या. लसी डोळस पिल्लासारख्याच: सहा ते आठ आठवड्यांपासून, आणि रेबीजची तिसऱ्या महिन्यात.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवा. हे नातं बारा-पंधरा वर्षांचं असतं. आपल्या घरांमधली मुलं पुण्याला नोकरीला जातात, मागोमाग आईवडीलही जातात, आणि कुत्रं जुन्या गल्लीत राहतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावर उपाशी-तहानलेलं राहील असं सोडून देणं हा गुन्हा आहे, पण पहिल्या वेळी दंड फक्त दहा ते पन्नास रुपये. एवढ्या दंडाला कोण भिणार? घर बदलावं लागलंच तर पिल्लाची जुनी गोधडी न धुता सोबत न्या, नव्या जागी आधी एकच खोली मोकळी ठेवा आणि ती ओळखीची झाल्यावरच पुढचं दार उघडा.