देशी बहावा, परदेशी गुलमोहर

बहावा (आरग्वध, राजवृक्ष, शास्त्रीय नाव कॅसिया फिस्तुला) हा भारतीय उपखंडातील मूळचा पानझडी वृक्ष असून, हिंगोली जिल्ह्यासारख्या शुष्क मुलखात, ऐन एप्रिल-मेच्या दाहात, बहुधा पर्णहीन अवस्थेतच तो पीतपुष्पांचे लोंबते घोस धारण करतो.

शेंग : दंडगोलाकार, ३० ते ६० सेंमी, गर आयुर्वेदात सौम्य रेचक मानलेला.

बीज : कवच कठीण; घासून न पेरल्यास उगवण रेंगाळते.

गल्लत टाळावी : पळसाचा केशरी बहर आधीचा, फाल्गुनाच्या सुमाराचा. महाराष्ट्राचे राज्यपुष्प ताम्हण, जांभळे. सार्वजनिक उद्यानांत बहाव्याशेजारी हटकून भेटणारा (आणि देशीच समजला जाणारा) गुलमोहर मूळचा मादागास्करचा.