शिकायला वय आड येत नाही, कागद येतो!

नांदेडच्या कुठल्याही जुन्या वस्तीत किंवा लातूरच्या गंजगोलाईमागच्या गल्ल्यांतून दुपारी एक चक्कर मारली, तर दर चार-सहा घरांमागे एखादी पाटी दिसते : ‘येथे ब्लाउज शिवून मिळतील. फॉल-पिको करून मिळेल.’ आत मशीनची घरघर चालू असते. घरची बाई स्वयंपाकपाणी आवरून शिवायला बसलेली असते. वीस-वीस वर्षं तिचा हात या कामात बसलेला असतो. गल्लीतल्या नवरीचं ब्लाउज तिच्याशिवाय कुणाकडे जात नाही.

आता हीच बाई नवं मशीन घ्यायला बँकेत गेली, किंवा कुठे शिवणशिक्षिकेची जागा निघाली म्हणून चौकशीला गेली, तर पहिला प्रश्न येतो, “प्रमाणपत्र आहे का?” ते नसतं. शिवण तिनं आईजवळ शिकलेलं, नाहीतर मोठ्या नणंदेजवळ. त्याचं प्रमाणपत्र कोण देणार? हात आहे, पण कागद नाही, अशी गत होते.

हा कागद देण्याची सोय सरकारनं केलेली आहे. ती आपल्यापर्यंत पोचत नाही, कारण ‘ते सगळं दहावी झालेल्या पोरांसाठी’ असं आपण धरून चालतो. म्हणून ही थोडी माहिती.

आपल्याकडेच असं का?

मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला तो १७ सप्टेंबर १९४८ रोजी. त्याआधी शाळा थोड्या, त्यातही मराठी शाळा थोड्या आणि मुलींच्या त्याहून थोड्या. पुढे शाळा झाल्या, पण मुलगी सातवीला गेली की तिच्यासाठी स्थळं पाहायची, ही चाल बरीच वर्षं टिकली. २०११ च्या जनगणनेत नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत पुरुषांची साक्षरता ८४ टक्क्यांच्या आसपास होती. बायकांची मात्र नांदेडला सुमारे ६६ आणि लातूरला सुमारे ७० टक्के! म्हणजे एकाच घरात जेवणाऱ्या दोघांत एवढं अंतर. घरातल्या आपल्या सासूबाई, जाऊबाई आणि कधीकधी आपण स्वतःही या आकड्यात आहोत.

आयटीआय वय विचारत नाही

सर्वांत आधी एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. महाराष्ट्रातल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आपल्या आयटीआयमध्ये, प्रवेशाला किमान वय १४ वर्षं आहे आणि वरची मर्यादा नाही. पस्तिशीतली, चाळिशीतली बाईदेखील अर्ज करू शकते. ३० टक्के जागा महिलांसाठी राखीव असतात.

देशात ही कारागीर प्रशिक्षणाची योजना १९५० साली सुरू झाली. अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्र देशपातळीवरचं, पण संस्थेची इमारत, यंत्रं, शिक्षकांचे पगार हा भार राज्य सरकारचा. राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत, बहुतेक तालुक्यांच्या गावी एक. लातूरला तर मुलींची स्वतंत्र शासकीय आयटीआय आहे, आणि पुढं पदविका करायची असेल तर मुलींचं निवासी शासकीय तंत्रनिकेतनही तिथंच आहे.

शिवणकाम, ड्रेस मेकिंग, ब्यूटी पार्लरचं काम, बेकरी, संगणक चालवणं हे तर आहेच. पण इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्स, नकाशे काढणं याही वर्गांत मुली बसतात. बहुतेक अभ्यासक्रम एक किंवा दोन वर्षांचे. बऱ्याच ठिकाणी दहावी लागते, पण काही व्यवसायांना दहावी नापासही चालते. म्हणून ‘माझं तर गणित राहिलंय’ असं म्हणून पाऊल मागं घेऊ नका, आधी चौकशी करा. दहावीचा निकाल लागला की ऑनलाइन अर्ज सुरू होतात.

प्रशिक्षणार्थींना विद्यावेतनही मिळतं. ते कित्येक वर्षं महिना ४० रुपये होतं! दोऱ्याची दोन-चार रिळं आली की संपलं. २०२३ साली राज्य सरकारनं ते ५०० रुपये करण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षीच्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. मुदखेड, लोहा, औसा अशा गावांहून रोज जिल्ह्याच्या ठिकाणी येणारीला याचा आधार होतो.

अडचणही सांगायला हवी. आयटीआयचे तास दिवसभराचे असतात आणि परीक्षेला बसायचं तर ८० टक्के हजेरी लागते. कडेवर लेकरू आणि घरी अंथरुणाला खिळलेले सासरे असताना हे कसं जमायचं? संस्थेत पाळणाघर असतं, तर कितीतरी जणी आल्या असत्या. सरकारनं दार उघडलं, पण उंबरा उंचच ठेवला, असं इथं म्हणावंसं वाटतं. तरी लेकरं शाळेत जाऊ लागली की वर्ष-दोन वर्षांची सवड काढता येते. तेवढ्यासाठी घरातल्या माणसांशी मोकळेपणानं बोलावं.

उमेदवारी म्हणजे निवडणूक नव्हे

‘उमेदवारी’ म्हटलं की हल्ली निवडणूकच आठवते. पण पूर्वी पोरगं शिंप्याकडे किंवा सोनाराकडे ‘उमेदवारी करायला’ ठेवत, तोच हा शब्द. १९६१ साली शिकाऊ उमेदवारीचा कायदा झाला. तीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना ठरावीक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात आणि त्यांना विद्यावेतन द्यावं लागतं. २०१९ च्या नियमांनी ते शिक्षणाप्रमाणे महिना किमान ५ ते ९ हजार रुपये ठरवलं. त्यातला १५०० रुपयांपर्यंतचा भाग केंद्र सरकार सोसतं.

आपल्याकडे एसटीच्या कार्यशाळा आणि महावितरण इथं अशा जागा निघतात. आयटीआय झालेली मुलगी एसटीच्या कार्यशाळेत हातात पाना घेऊन उभी राहू शकते, वीज कंपनीत शिकू शकते. मुदत पूर्ण करून परीक्षा दिली की राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं.

मात्र एक लक्षात ठेवा. उमेदवारी म्हणजे नोकरी नव्हे, आणि ती संपली की नोकरी मिळेलच असं कायदा सांगत नाही. २०२४ साली राज्य सरकारनं सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही हेच दिसलं. १८ ते ३५ वयाच्यांना सहा महिने काम शिकवायचं आणि बारावीला ६ हजार, आयटीआय किंवा पदविकेला ८ हजार, पदवीला १० हजार द्यायचे, असं ठरलं. २०२५ मध्ये मुदत पाच महिन्यांनी वाढवली. पण ‘पुढं काय?’ हा प्रश्न उरलाच. तेव्हा अशा ठिकाणी जाताना नजर पैशांपेक्षा शिकण्यावर आणि अनुभवाच्या दाखल्यावर ठेवावी.

किल्लारीच्या बायका काय शिकल्या?

मोठ्या वयातलं शिक्षण म्हणजे फक्त पाटी-पेन्सिल नव्हे. याचं उदाहरण आपल्याच मातीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या भागात हजारो माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती झोपेतल्या माणसांवर आल्या.

पुढं राज्य सरकारनं जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचं काम हाती घेतलं. ज्या गावांत घरं उभी होती पण कमकुवत झाली होती, तिथं लोकांनीच सरकारी मदतीतून आपली घरं बळकट करायची, असं ठरलं. हे लोकांना समजावून सांगायचं कुणी? त्यासाठी गावोगावच्या महिला मंडळांतून बायका निवडल्या. त्यांना ‘संवाद सहायक’ म्हणत. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं त्यांची तयारी करून घेतली.

ज्यांनी तोवर गवंड्याला फक्त चहा नेऊन दिला होता, त्या भिंतीचा सांधा आणि छताचा पट्टा यावर बोलू लागल्या. पैसा कुठल्या टप्प्यावर मिळतो, अर्ज कुठं अडला, हे विचारायला कचेरीत जाऊ लागल्या. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा आपल्याकडच्या काही बायका तिथल्या बायकांना अनुभव सांगायला गुजरातेत गेल्या. पुस्तक मागं राहिलं असेल, पण शिकणं मागं राहिलं नाही. गरज समोर उभी होती आणि शिकवणारं कुणी भेटलं, एवढंच निमित्त पुरलं.

सासूबाईंची परीक्षा

आता अक्षरओळखीकडे येऊ. प्रौढ शिक्षणात महाराष्ट्र जुना वाटाड्या आहे. सातारा जिल्ह्यात १९५९ साली सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम पुढं राज्यभर गेली. २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, १९८८ साली साक्षरता मिशन आलं. आणि आता २०२२ पासून नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजेच ‘उल्लास’, पाच वर्षांसाठी चालू झाला आहे.

यात पंधरा वर्षांपुढची कोणतीही निरक्षर व्यक्ती नाव नोंदवू शकते. शिकवणारा स्वयंसेवक बाहेरचाच हवा असं नाही. घरची सून, नात, शेजारची कॉलेजातली मुलगी, कुणीही चालतं. नोंदणी जवळच्या शाळेत होते. १७ मार्च २०२४ रोजी राज्यात याची पहिली परीक्षा झाली. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना ५०-५० असे १५० गुण, आणि पास व्हायला ३३ टक्के.

“आता या वयात मला काय करायचंय?” असं सासूबाई म्हणतील. त्यांना एवढंच विचारा, बँकेत अंगठा उमटवताना कसं वाटतं? एसटीची पाटी दुसऱ्याला विचारावी लागते, ते किती दिवस? दुपारच्या निवडण-टिपणाच्या वेळी रोज अर्धा तास बसलात, तरी वर्षात पुष्कळ होतं.

आपली स्वतःची शाळा मधेच सुटली असेल, तर सतरा नंबरचा फॉर्म आहेच. पाचवी झालेलीला तो भरून दहावीला बाहेरून बसता येतं. बारावी झाली असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. ते १९८९ साली नाशिकला स्थापन झालं, आणि त्याचं विभागीय केंद्र नांदेडलाच आहे.

ज्यांना दिवसभर जाता येत नाही त्यांच्यासाठी

आधीच काम येत असलेल्यांनी पी.एम. विश्वकर्मा योजनेची चौकशी करावी. १७ सप्टेंबर २०२३ ला ती सुरू झाली. त्यातल्या अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे. पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत, प्रमाणपत्र, आणि पुढं ५ टक्के व्याजानं पहिलं १ लाखापर्यंत कर्ज. मात्र एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, तेव्हा अर्ज कुणाच्या नावानं करायचा हे घरात आधी ठरवा.

बचत गटातल्या बायकांसाठी महिला आर्थिक विकास महामंडळ आहे. आंतरराष्ट्रीय महिला वर्षाच्या निमित्तानं १९७५ साली ते राज्य सरकारनं स्थापन केलं.

कागदांची पिशवी

बायकांचे अर्ज अडतात ते बहुधा नावापाशी. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि बँकेत तिसरंच! म्हणून चौकशीला निघण्याआधी एक पिशवी तयार करा :

१. शाळा सोडल्याचा दाखला आणि शेवटच्या इयत्तेची गुणपत्रिका. शाळा माहेरची असेल तर पुढच्या खेपेला गेलात की आठवणीनं काढून आणा.

२. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद. दोन्ही नावं एकाच बाईची, हे यावरून सिद्ध होतं.

३. आधार, अधिवासाचा दाखला, बँकेचं पासबुक. पासबुकावरचं नाव आधारशी जुळवून घ्या.

४. जातीचा दाखला वडिलांकडच्या नावानंच चालतो. नॉन-क्रीमीलेअरसाठीही आईवडिलांची स्थिती पाहतात, नवऱ्याचं उत्पन्न नव्हे. बऱ्याच जणी इथंच चुकतात.

५. प्रत्येक कागदाच्या चार झेरॉक्स. मूळ कागद कुणाच्याही हाती ठेवून येऊ नका. ‘काम करून देतो’ म्हणणाऱ्या मधल्या माणसाला पैसे देण्याआधी आयटीआयच्या किंवा जिल्हा कौशल्य विकास कार्यालयाच्या खिडकीवर स्वतः विचारा.

पाऊस हुकला की आपल्याकडे शेताइतकीच बाजारपेठही कोरडी पडते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते कोण विसरेल? अशा वर्षी घरातली दुसरी कमाई संसाराला हात देते. ती कमाई आपल्या हातात आधीपासूनच आहे. तिच्यामागं कागदाचं बळ तेवढं उभं करायचं आहे. लेकरांच्या शाळेची चौकशी आपण दरवर्षी जूनमध्ये करतो. येत्या जूनमध्ये त्याच फेरीत एक चौकशी स्वतःसाठी करून या.