ब्रेक लाइट लागत नाही? बल्ब बदलण्याआधी लक्षण बघा

आज गाडीच्या अशा भागाबद्दल बोलू, जो चालवणाऱ्याला स्वतःला कधी दिसतच नाही. हेडलाइट गेला की लगेच कळतं. हॉर्न गेला तर पहिल्याच चौकात कळतं. ब्रेक लाइट मात्र महिनोन्महिने बंद असला तरी पत्ता लागत नाही, कारण तो आपल्यासाठी नसतोच. तो मागून येणाऱ्या माणसासाठी असतो.

साधा हिशेब करू. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. तुमचा लाल दिवा लागला नाही, तर तुम्ही थांबताय हे मागच्याला फक्त कमी होणाऱ्या अंतरावरून ओळखावं लागतं. त्यात एकच सेकंद जास्त गेला, तरी तीन पिकअप एकामागे एक उभ्या राहतील एवढा रस्ता संपला. मागे मोटारसायकल असेल, तर पिकअपचा लोखंडी फाळका कुठे लागेल ते मी सांगायला नको. म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांत हा दिवा सक्तीचा आहे.

माझी नोकरी लष्कराच्या ईएमईत, म्हणजे गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये झाली. आता मी महूला राहतो. आमच्या भागातून इंदूरच्या मंडईत कांदा-बटाटा नेणाऱ्या बऱ्याच पिकअप जुन्या आहेत. त्यांच्या ब्रेक लाइटची कहाणी बहुधा एकच असते: बल्ब बदलला, मग स्विच बदलला, पैसे गेले, दिवा तसाच. लष्करात आम्हाला शिकवलेलं सूत्र असं, की आधी लक्षण बघा, मग पाना उचला.

आधी विजेचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. बॅटरीच्या प्लसकडून वीज फ्यूजमध्ये येते, तिथून ब्रेक पेडलजवळच्या स्विचमध्ये. पेडल दाबलं की स्विच जोडला जातो आणि वीज चासीच्या कडेने मागे, दोन्ही बल्बपर्यंत जाते. बल्बमधून ती अर्थला, म्हणजे गाडीच्या लोखंडात उतरते आणि तिथून बॅटरीच्या मायनसला परत येते. जाण्याचा रस्ता सगळे तपासतात. परतीचा रस्ता कोणी बघत नाही, आणि जुन्या गाडीत घोटाळा फार वेळा तिथेच असतो.

आता लक्षण बघा. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. कोणाला तरी पेडल दाबायला बसवा. कोणीच नसेल तर संध्याकाळी गाडीची पाठ भिंतीकडे करा. भिंतीवरचा लाल उजेड आरशात दिसतो. तीन प्रश्न विचारा. एकच बाजू बंद आहे का? दोन्ही बंद आहेत का? की पेडल सोडलं तरी दिवे चालूच राहतात?

एकच बाजू बंद असेल तर फ्यूज आणि स्विच दोन्ही ठीक आहेत, कारण दुसऱ्या बाजूला वीज त्यांच्यातूनच जाते. तिकडे हातही लावू नका. दोष त्या बाजूच्या बल्ब, होल्डर, वायर किंवा अर्थमध्ये आहे. बल्ब काढा. जुन्या पिकअपमध्ये बहुतेक दोन तारांचा असतो: 5 वॉटची तार पार्किंगसाठी, 21 वॉटची ब्रेकसाठी. पार्किंग लागतं म्हणजे बल्ब चांगला, असं धरू नका. एक तार तुटून दुसरी शाबूत असू शकते. त्याच्या दोन खुंट्या मुद्दाम वरखाली असतात. जोर करून उलटा बसवला, तर पार्किंगला दिवा प्रखर लागतो आणि ब्रेकला मंद. होल्डरमध्ये हिरवट गंज किंवा काळा थर असेल तर पॉलिश पेपरने घासा.

बल्ब चांगला आहे आणि तरी लागत नाही, तर अर्थ बघा. अर्थ खराब असल्याची खूण विचित्र असते. पार्किंग चालू ठेवून ब्रेक दाबला की तो दिवा उजळण्याऐवजी मंद होतो किंवा विझतो. इंडिकेटर दिला की शेजारचा दिवाही लुकलुकतो. विजेला सरळ परत जाता येत नाही, म्हणून ती शेजारच्या दिव्याच्या तारेतून वाट काढते. परीक्षा अगदी सोपी आहे. एक लांब वायर घ्या. एक टोक होल्डरच्या धातूला किंवा दिव्याच्या अर्थ वायरला लावा, दुसरं बॅटरीच्या मायनसला. दिवा लागला, तर अर्थ खराब. विषय संपला.

आमच्याकडच्या एका पिकअपमध्ये अगदी हेच निघालं. डाव्या बाजूचे तीन बल्ब बदलून झाले होते. गाडी बारा-तेरा वर्षं जुनी, पण दसऱ्याआधी नवा रंग दिलेला. वायर लावताच दिवा लागला. चालवणारा मुलगा म्हणाला, "काका, म्हणजे रंगामुळे दिवा गेला?" मी म्हटलं, "रंगातून वीज जात नाही बाळा. दिवा ज्या बोल्टने अर्थ घेतो, त्याच्या खालीही रंग बसलाय." बोल्ट काढला, खालचं लोखंड चमकेपर्यंत घासलं, दातेरी वॉशर घातला, घट्ट आवळून वरून थोडं ग्रीस लावलं. खर्च जवळजवळ शून्य. भाजीचं पाणी, पावसाचा चिखल आणि वरून दिलेला रंग, या तिघांनी पिकअपचा अर्थ नेहमी बिघडतो.

दोन्ही बाजू बंद असतील तर पुढून सुरुवात करा. पहिला फ्यूज. तो उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. मोठा घालू नका, आणि सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी तर मुळीच नको. दोन ब्रेक बल्ब मिळून साधारण साडेतीन अँपिअर घेतात. तरी फ्यूज उडतो, म्हणजे वायर कुठेतरी लोखंडाला लागते आहे किंवा त्याच लाइनवर कोणीतरी जादा दिवे जोडलेत. मोठ्या फ्यूजने दोष जात नाही. फक्त फ्यूजऐवजी वायर जळते. पेडल दाबताच फ्यूज उडत असेल, तर दोष स्विचच्या पुढे आहे. चासीच्या भोकातून वायर जाते तिथली रबरी गोल चकती निघालेली असेल, पाट्यांजवळ वायर घासत असेल, सायलेन्सरजवळ वितळली असेल. अशा जागा हाताने चाचपून बघा, पण सायलेन्सर थंड झाल्यावर.

फ्यूज ठीक असेल तर पेडलजवळचा स्विच. दोनच वायरींचा असेल तर त्या काढून एकमेकींना जोडा. दिवे लागले, तर स्विच खराब आहे किंवा जागचा हलला आहे. लागले नाहीत, तर पुढे मागपर्यंतची वायर तपासा. काही जुन्या गाड्यांत मात्र स्विच ब्रेक ऑइलच्या पाइपवर बसवलेला असतो. तो काढला की लाइनमध्ये हवा शिरते आणि हवा काढल्याशिवाय ब्रेक नीट लागत नाही. दिवा दुरुस्त करताना ब्रेक घालवू नका. ते काम मेकॅनिककडूनच करून घ्या.

तिसरं लक्षण, दिवे सतत चालू. पेडल वर आल्यावर स्विचची दांडी आत दाबून ठेवणारा छोटा रबरी तुकडा असतो. तो झिजून पडला की दांडी बाहेर येते आणि दिवे जळत राहतात. पण आधी पेडल पूर्ण वर येतं का ते बघा. येत नसेल तर ब्रेक अडकून ड्रम तापत असतील. तो दोष विजेचा नाही, ब्रेकचा आहे, आणि जास्त गंभीर आहे. सतत जळणारा दिवा बंद दिव्याइतकाच धोक्याचा. मागच्याला तुम्ही ब्रेक कधी लावला ते कळतच नाही.

मीटर वापरणाऱ्यांना एक सूचना. वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटर 12 व्होल्ट दाखवतो, कारण तो स्वतः जवळजवळ करंट घेत नाही. बल्ब लावून, पेडल दाबून मोजा. होल्डरचा धातू आणि बॅटरीचा मायनस यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थ खराब. नाहीतर दोन वायरी जोडलेला 21 वॉटचा बल्ब घ्या. तो भार घेतो, म्हणून खोटं बोलत नाही.

लष्करात रोज सकाळी गाडी हलण्याआधी ड्रायव्हर फर्स्ट परेड करतो: तेल, पाणी, हवा, दिवे. त्यात ब्रेक लाइट येतोच, आणि त्यासाठी दुसरा माणूस मागे उभा राहतो. तुम्हीही घरातल्या कोणाला तरी दहा सेकंद गाडीच्या मागे उभं करा. "लागला" असं ऐकल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. आणि सिग्नलवर पुढच्या गाडीचा दिवा बंद दिसला, तर काच खाली करून त्याला सांगा. त्याला तो स्वतः कधीच दिसणार नाही.

पुढच्या भागात इंडिकेटर भराभर का लुकलुकतो ते बघू. जय हिंद.