अर्ध्या शक्तीचे गणित

व्यायामाच्या जागेला आपण ‘तालीम’ म्हणतो. हा शब्द मूळचा अरबी आणि त्याचा अर्थ शिक्षण. ‘व्यायाम’ हा शब्द संस्कृत. त्याच्या धातूत ताणण्याचा, पसरण्याचा अर्थ आहे. मराठीचा प्राध्यापक व्यायामावर लिहायला बसला की शब्दकोश उघडणारच, असे वाचक मनात म्हणतील. म्हणोत बापडे! पण या दोन शब्दांतच सारे मर्म आले आहे. आहे त्या हद्दीत हातपाय हलवणे म्हणजे व्यायाम नव्हे. हद्द थोडीशी ताणणे आणि शरीराला काल येत नव्हते ते आज शिकवणे, हा व्यायाम.

आम्हा पांढरपेशांचा दिवस खुर्चीत उगवतो आणि खुर्चीतच मावळतो. ‘मी रोज चालतो की!’ असे आपण एकमेकांना मोठ्या समाधानाने सांगतो. चालणे चांगलेच. पण त्याच रस्त्याने, त्याच गतीने, त्याच मित्राशी त्याच विषयावर बोलत दहा वर्षे चालल्यावर शरीराला त्यात शिकण्यासारखे फारसे काही उरत नाही. पहिलीचे पुस्तक दहा वेळा वाचले म्हणून कोणी मॅट्रिक होत नाही.

यावर आपल्याकडे एक भारदस्त आक्षेप हमखास निघतो. ‘अहो, आयुर्वेदानेच सांगितले आहे, व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा!’ आक्षेप खोटा नाही. सुश्रुत आणि वाग्भट या दोघांनीही ही अर्ध्या शक्तीची मर्यादा घातली आहे. ती ओळखावी कशी, हेही सुश्रुत सांगतो. श्वास तोंडाने घ्यावा लागू लागला की समजावे, अर्धी शक्ती खर्च झाली. आता वाचकांनी स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे, शेवटचे आपण तोंडाने श्वास घेण्याइतके दमलो कधी? बस सुटत होती तेव्हा! म्हणजे ज्या अर्ध्या शक्तीच्या आडोशाला आपण बसतो, तिच्या पावपटीलाही आपण पोचत नाही.

आणि खरा प्रश्न पुढेच आहे. अर्धी शक्ती, पण कशाची अर्धी? शक्ती ही काही पेढीत ठेवलेली कायम ठेव नव्हे. ती वाढते आणि घटतेही.

मी चव्वेचाळिसाव्या वर्षी घराजवळच्या व्यायामशाळेत सूर्यनमस्कार घालू लागलो, तेव्हा बाराव्या नमस्काराला माझे दंड थरथरत आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत. बारा ही माझी पूर्ण शक्ती होती. तिथले मास्तर वयाने माझ्याहून लहान, पण अधिकाराने मोठे. त्यांनी पहिले काही दिवस मला सहावरच थांबवले. पुढे दर आठवड्याला एकदोन वाढवत नेले. बारा सहज होऊ लागले तेव्हा म्हणाले, ‘‘सर, आता तेरावा घाला. पण तेरावा पहिल्यासारखा दिसला पाहिजे. कंबर खचली की थांबायचं. तो मोजायचा नाही.’’ घरी हे सांगितले तर सौभाग्यवती म्हणाली, ‘‘इश्श! तेराव्याचं नाव सणासुदीला कशाला काढता?’’ तेरावा झाला, विसावा झाला, आणि सहा महिन्यांनी माझी पूर्ण मजल पन्नासावर गेली. आता पंचवीस ही माझी अर्धी शक्ती! एके काळी ज्या बारांनी मला लोळवले, ते अर्ध्याच्याही अर्ध्यात आले. सुश्रुताचा नियम कुठेच मोडला नाही. फक्त ज्याचे अर्धे करायचे तो आकडा वाढला.

हे होते कसे? शरीरशास्त्र सांगते की पहिल्या काही आठवड्यांत वाढते ते स्नायू नव्हेत. मज्जासंस्था आहे त्याच स्नायूंकडून अधिक काम करून घ्यायला शिकते. तालीम म्हणजे शिक्षण, ते असे! स्नायू त्यानंतर भरतात. स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे मात्र त्याहून सावकाश बळकट होतात. म्हणून उत्साहाच्या भरात महिन्याचा अभ्यास आठवड्यात उरकू पाहणारा खांदा धरून बसतो. नव्या व्यायामाचे अंग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दुखते, आणि तेव्हाच बहुतेकांचा संकल्प संपतो. हे दुखणे बोथट आणि पसरलेले असते; चारपाच दिवसांत ते आपोआप ओसरते. पण सांध्यात एका जागी सुईसारखी कळ आली, छातीत दडपले किंवा चक्कर आली, तर तिथेच थांबावे आणि डॉक्टर गाठावा. कष्ट आणि इजा यांतला भेद ओळखणे हा व्यायामातला पहिला धडा होय.

सूर्यनमस्काराचे नाव निघाले की औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांची आठवण व्हायलाच हवी. त्यांनी आपल्या संस्थानातील शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे केले. १९३८ साली त्यांच्या पद्धतीवर लंडनमध्ये इंग्रजी पुस्तक निघाले, त्या वर्षी राजेसाहेबांनी सत्तरी गाठली. राजाला कष्टाची सक्ती कोण करणार? दारी हत्ती-घोडे असलेल्या माणसाने रोज घाम गाळायचा तो स्वतःच्याच आज्ञेवरून. सुखाच्या गादीवरून आपण होऊन उठणे हेच त्या व्यायामातले सर्वांत अवघड आसन असावे.

‘हे सारे तरुणांसाठी, आमचे आता काय राहिले?’ हे वाक्य मी घरातच ऐकले. माझी आई बहात्तर वर्षांची. एका संध्याकाळी ती देवापुढे खाली बसली आणि तिला उठता येईना. पडली नव्हती, लागले नव्हते. केवळ पायांत उठण्याचे बळ नव्हते. आम्ही दोघांनी धरून उठवली. ती हसली, पण त्या दिवसापासून देवपूजेला खुर्ची आली. जेवणाचा पाट तर केव्हाच गेला होता. आईच्या सोयीसाठी आम्ही एकेक वस्तू उंच करत गेलो आणि तिची जमीन तिला दुरावत गेली.

साधारण तिशीनंतर माणसाचे स्नायू दर दशकाला ३ ते ८ टक्क्यांनी घटतात, आणि साठीनंतर ही घट वेग घेते. पण हीच घट काही अंशी भरूनही काढता येते. १९९० साली अमेरिकेतील बॉस्टन येथे वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या घरातील १० अशक्त माणसांना ८ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा चांगला जोरकस व्यायाम देण्यात आला. एकाने मध्येच सोडले. उरलेल्या ९ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, आणि दोघांची तर काठी सुटली! नव्वदीत!

मी हे आईला वाचून दाखवले. ‘‘त्यांचं राहू दे रे, ती अमेरिकेतली माणसं,’’ ती म्हणाली. पण डॉक्टरांना विचारून आम्ही सुरुवात केली. खुर्चीवर दोन उशा आणि हातांचा आधार न घेता उठायचे, पाच वेळा. पंधरा दिवसांनी एक उशी काढली, पुढे दुसरी. मग खुर्चीऐवजी बुटके स्टूल आले. एकेक पायरी उतरायला पाच महिने लागले. गेल्या नवरात्रात आई देवापुढे पाटावर बसली, आरती झाली, आणि एक हात जमिनीवर टेकून आपली आपण उठली. आम्ही दोघे धावलो तर म्हणाली, ‘‘व्हा बाजूला, मला मोजू द्या.’’ आईच्या त्या उठण्यापुढे माझे पन्नास नमस्कार फिके आहेत.

वाचकहो, यात मिळवायचे आहे ते पदक नव्हे. जमिनीवरून आपले आपण उठणे, धान्याचा डबा आपण उचलणे, नातवाला कडेवर घेऊन जिना चढणे हे आपले स्वातंत्र्य आहे, आणि ते आयतेपणाने गहाण पडते. ते सोडवायचे तर रोज थोडे नकोसे वाटेपर्यंत जावे लागते. नकोसे वाटते तिथून एकच पाऊल पुढे, दहा नव्हेत. आणि मधूनमधून विश्रांतीही हवीच, कारण शरीर भरते ते विसाव्यात.

मुहूर्तही चांगला आहे. थंडीचे दिवस व्यायामाला उत्तम, असे वाग्भटानेच म्हटले आहे. दिवाळीत आपण पहाटे उठून अभ्यंगस्नान करतोच. पाडव्याला त्या पहाटेला चार नमस्कार जोडावेत. गुडघे नाहीच म्हणत असतील तर खुर्चीवरून पाच वेळा उठावे. तिथून रथसप्तमी साधारण तीन महिन्यांवर आहे. दर आठवड्याला एकाची भर घातली, तर रथसप्तमीच्या सूर्यापुढे आपण सोळासतरा नमस्कार घालत असू, आणि आजचे चार तेव्हा अर्धेसुद्धा उरणार नाहीत. फराळाच्या ताटावरचा हात मात्र आजच अर्ध्या शक्तीने चालवावा, ही आपली घरगुती सूचना!