स्विंग संगीतावरील माहितीपर लघुपट

स्विंग संगीतावरील माहितीपर लघुपट हे मुख्यतः १९३० व १९४० च्या दशकांत अमेरिकेत निर्माण झालेले, साधारणतः दहा मिनिटांचे बोलपट होत. चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटासोबत ते दाखवले जात. मोठ्या जॅझ वाद्यवृंदाची रचना, वादनपद्धती व ध्वनिमुद्रण यांची ओळख त्यांतून सामान्य प्रेक्षकाला होत असे.

पार्श्वभूमी

ऑगस्ट १९३५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलोमार नृत्यगृहात बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदाला मिळालेल्या प्रतिसादापासून स्विंगयुगाचा प्रारंभ मानण्याचा प्रघात आहे. रेडिओ व तबकड्यांमुळे हे संगीत घरोघरी पोहोचले. मात्र वादकांचे प्रत्यक्ष वादन त्यांतून दिसत नव्हते. ही उणीव लघुपटांनी काही अंशी भरून काढली.

प्रमुख लघुपट

पॅरामाउंटच्या १९३७ मधील एका लघुपटात ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणापासून तबकडी तयार होईपर्यंतची प्रक्रिया दाखवली आहे. त्याच कंपनीच्या ‘आर्टी शॉज क्लास इन स्विंग’ (१९३९) या लघुपटात निवेदनाच्या साहाय्याने वाद्यवृंदाची घडण उलगडली आहे. अशा वाद्यवृंदात पियानो, गिटार, बास व ड्रम यांचा तालविभाग असतो. ट्रम्पेट व ट्रॉम्बोन हे पितळी वाद्यांच्या, तर सॅक्सोफोन व क्लॅरिनेट हे वेताच्या पत्तीच्या वाद्यांच्या विभागात मोडतात. हे विभाग लिखित स्वररचनेनुसार एकमेकांना सवाल-जवाबाप्रमाणे उत्तरे देतात आणि मधल्या जागेत एकल वादक उत्स्फूर्त वादन करतो.

मर्यादा

अशा लघुपटांत संगीत बहुधा आधी मुद्रित करून नंतर वादकांचे चित्रीकरण केले जाई. त्यामुळे पडद्यावर दिसणारे वादन व ऐकू येणारा ध्वनी यांचा मेळ नेहमीच बसतो असे नाही. तत्कालीन वर्णभेदाचा प्रभावही चित्रणावर पडला. ग्योन मिली दिग्दर्शित ‘जॅमिन द ब्लूज’ (१९४४) या लघुपटात लेस्टर यंग, जो जोन्स आदी कृष्णवर्णीय वादकांसोबत बार्नी केसेल हे एकमेव श्वेतवर्णीय वादक होते. कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय वादक एकत्र दिसू नयेत, म्हणून केसेल यांना सावलीत ठेवण्यात आले.

महत्त्व

स्विंगयुगातील वादकांची बैठक, वाद्ये हाताळण्याची रीत व मंचावरील मांडणी यांची दृश्य नोंद म्हणून हे लघुपट अभ्यासकांना उपयुक्त ठरतात. पडद्यावर कोणाला उजेडात आणले व कोणाला झाकले, हेही त्यांतून कळते. ‘जॅमिन द ब्लूज’चा समावेश १९९५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत करण्यात आला.